मॅगव्हील घ्यायच्या आधी शाडूची माती आणा

दुकानात येणारा प्रत्येक पोरगा आधी फोन पुढे करतो. फोटोत कुठलीतरी गाडी, पोट जमिनीला टेकलेलं, आणि मॅगव्हील, म्हणजे अलॉयची चाकं, एवढी मोठी की टायर म्हणजे नुसती काळी रेघ. "काका, ही बसतील?" बसतात रे. बसायला काय, बैलगाडीचंही बसेल. कुंभार्ली घाट उतरून आल्यावर ती गोल राहतील का, ते विचार.

चिपळूणला हायवेलगत माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. माझी स्वतःची गाडी फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने तिला सतरा इंची चाकं लावली होती. मी वर्षभर ती सोसली, मग सोळावर आलो. ही गाडी पळते म्हणतात ते मला तेव्हा कळलं.

वेगवान गाडीला मोठं चाक हवं, ही समजूत अर्धीच खरी आहे. ताकद वाढली की ब्रेकची डिस्क वाढते, डिस्कला दाबून धरणारा कॅलिपर वाढतो, आणि तो आत मावावा म्हणून रिम, म्हणजे टायरच्या आतलं धातूचं चाक, वाढते. त्याच्या वरचे इंच बहुतेक वेळा शोरूमसाठी असतात. म्हणून माझा हिशेब खालून सुरू होतो. कॅलिपरला न घासता बसेल असं सगळ्यात लहान चाक कोणतं? त्याच्या वर चढायचं तर कारण सांगा. 'छान दिसतं' हेही कारण आहे, मी हसणार नाही. फक्त तेच कारण आहे हे स्वतःशी कबूल करा, 'ग्रिप वाढते' म्हणून मला शिकवू नका.

आता टायरवरचा आकडा वाचा. १९५/५५ आर १६ यात १९५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे १०७ मिमी. १६ म्हणजे रिमचा व्यास इंचात, एक इंच २५.४ मिमी. रिम ४०६.४, वर-खाली साइडवॉल मिळून २१४.५, एकूण उंची ६२१ मिमी. रिम बदलली तरी ही एकूण उंची जवळपास तेवढीच राहिली पाहिजे. माझ्या पोलोवर सतराला २०५/४५ बसवलं तर ६१६ येते, चालेल. २१५/४० बसवलं तर ६०४, म्हणजे पावणेतीन टक्के कमी. मग मीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो आणि गाडी त्याच्या निम्मी, साडेआठ मिमी, खाली बसते. उलट उंची तीन टक्के वाढवली तर मीटरवर १०० असताना तुम्ही आधीपेक्षा तीन टक्के जोरात असता, शिवाय प्रत्येक गिअर लांब होतो. घाटात दुसऱ्या गिअरवर उचलणारी गाडी मग पहिला मागते.

पण उंची जुळली म्हणजे झालं असं नाही. स्कोडाने आपल्याकडे ऑक्टाव्हिया आरएस २०१७ मध्ये आणली ती सतरा इंचावर, २२५/४५. २०२० ची आरएस २४५ आली ती अठरावर, २२५/४०. एकूण उंची ६३४ आणि ६३७, म्हणजे सारखीच. साइडवॉल मात्र १०१ वरून ९० वर आली. गेल्या गणपतीला मुंबईहून आलेल्या एकाने अशाच गाडीला एकोणीस लावली होती, २२५/३५. म्हणजे साइडवॉल ७९. रात्रीचा पाऊस, खड्डा पाण्याने भरलेला, वरून सपाट रस्ता दिसतो. डाव्या बाजूच्या दोन्ही टायरना लिंबाएवढे फुगे आले आणि पुढची रिम वाकली. फुगा आला म्हणजे आतले धागे तुटले, त्याला पंक्चरवाल्याकडे औषध नाही, टायर टाकायचा. ते माप चिपळुणात नव्हतं, रत्नागिरीत नव्हतं. कोल्हापूरहून यायला दोन दिवस गेले आणि त्याच्या घरचा दीड दिवसाचा गणपती तोवर विसर्जनाला निघाला होता. मी त्याला माझ्या पोलोतून गावी सोडलं.

म्हणून एक साधी अट घाला: जे माप तुमच्या जिल्ह्यात मिळत नाही, ते लावू नका.

मोठ्या चाकाचं सुख खोटं आहे असं मी म्हणत नाही. आखूड साइडवॉल कमी वाकते, स्टेअरिंग फिरवलं की गाडी लगेच तोंड वळवते. गुळगुळीत डांबरावर मजा येते. पण आपल्या वळणावर मध्येच जांभ्याचा खडा, लाल चिखल, उखडलेली खडी असते. तिथे टायरने वाकून रस्ता धरायचा असतो. न वाकणारा टायर उडतो, आणि हवेतल्या टायरला कसली आली ग्रिप?

वजनाचं बोलतो. आंब्याच्या पेट्या तोलायच्या काट्यावर मी माझी दोन्ही चाकं टायरसकट ठेवली. सोळाचं साडेसतरा किलो, सतराचं वीस. चार चाकांचे दहा किलो, म्हणाल तर काहीच नाही, डिकीत एक पोतं तेवढं असतं. पण हे वजन स्प्रिंगच्या खाली आहे आणि फिरतं आहे, त्यातही कडेला आहे. वाडीतला जुना रहाट पाहिला असेल तर समजेल. रिकामा रहाट पोरगंही फिरवेल, गाडगी भरली की बैलाला जोर लागतो, आणि थांबवतानाही तेच. इंजिन प्रत्येक पिकअपला आणि ब्रेक प्रत्येक वळणाला हे ओझं ओढतात. म्हणून रिम घेताना डिझाइनच्या आधी वजन विचारा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर काटा आणा.

रुंदीही हात राखून वाढवा. रुंद टायर कोरड्यात धरतो, पण साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. आपल्याकडे चार महिने पाणी साचलेलंच असतं.

आता बसण्याचा भाग, कारण पैसे इथेच वाया जातात. पीसीडी म्हणजे बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास. पोलोला ५ × १००, ऑक्टाव्हियाला ५ × ११२, आय-ट्वेंटीला ४ × १००. मधलं भोक पोलोला ५७.१ मिमी. बाजारातल्या रिमचं भोक बहुधा मोठं असतं, त्यात रिंग बसवावी लागते, नाहीतर बॅलन्सिंग कितीही करा, ऐंशीला स्टेअरिंग थरथरतं. ईटी म्हणजे रिमची मधली रेषा आणि हबला, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने आवळतात त्याला, टेकणारी बाजू यांतलं अंतर. समजा मूळ चाक ७ इंच रुंद, ईटी ४५, आणि नवं ८ इंच, ईटी ३५. मग नवं चाक बाहेर जवळजवळ २३ मिमी जास्त येतं आणि आत पावणेतीन. तेवीस मिमी म्हणजे मडगार्डची कड कापली जाते.

आणि बोल्ट! फोक्सवॅगन, स्कोडाचे मूळ बोल्ट गोल बुडाचे, बाजारातल्या रिमचे बहुधा शंकूसारखे. एकाचे दुसऱ्याला लावले तर नीट टेकत नाहीत, आवळल्यासारखे वाटतात आणि सुटतात. हे मला माहीत होतं, तरी एकदा हेदवीला पंक्चर झाल्यावर कळलं की स्टेपनी मूळ लोखंडी रिमची आहे आणि तिचे गोल बोल्ट घरी फळीवर आहेत. टायरवाला रस्त्यात उभा, भाचा मोटरसायकलवरून बोल्ट घेऊन येईपर्यंत. मूळ बोल्टांचा संच डिकीत ठेवा.

आता शाडू. आमच्या आळीतल्या गणपतीच्या कारखान्यातून मी मूठभर ओली माती आणतो. कॅलिपरवर तीन-चार ठिकाणी वाटाण्याएवढे गोळे चिकटवायचे, नवी रिम टायरशिवाय चढवायची, बोल्ट आवळायचे, हाताने एक फेरा द्यायचा, काढायची. दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. तीन मिमीपेक्षा कमी उरली तर ती रिम परत. टायर चढवल्यावर तीच माती मडगार्डच्या आत लावा, मागे तीन जाडजूड माणसं बसवा, स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवून उंचवट्यावरून सावकाश जा. कुठे घासतं ते माती सांगते. एकट्याने रिकाम्या गाडीत बघून 'घासत नाही' म्हणणारे मग ओहोटीच्या वेळी धोपाव्याच्या फेरीबोटीवर चढताना घासतात.

टायर घेताना भाराचा आकडाही बघा. २०५/४५ आर १७ हे एकच माप ८४ मध्येही मिळतं आणि ८८ मध्येही, म्हणजे एका टायरवर ५०० किलो किंवा ५६०. मूळ टायरपेक्षा खाली जायचं नाही. आरसी आणि विम्याचं म्हणाल तर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापांतच राहा, वाद नको.

समुद्राजवळ राहत असाल तर तोंड मशीनवर कापून चकचकीत केलेल्या रिम टाळा. एक ओरखडा पडला की खारी हवा वरच्या पारदर्शक लॅकरखाली शिरते, पांढऱ्या अळ्यांसारखी नक्षी पसरते, आणि ती टायरच्या कडेपर्यंत पोचली की रोज थोडी हवा उतरू लागते. साधा रंग दिलेली रिम घ्या, पावसाळ्यात आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा, आतूनसुद्धा.

नवी चाकं लावल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर बोल्ट एकदा टॉर्क पान्ह्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्ह्याने, आवळून घ्या. चिपळूणवरून जात असाल तर माझ्याकडेच या, त्याचे पैसे घेत नाही. फक्त दीड ते तीन येऊ नका, शटर अर्धं असतं आणि मी आत आडवा असतो.