तरुण पिचरबद्दल मत बनवताना या चुका टाळा

2014 च्या मे महिन्यात मी रफाएल मोंटेरोची वाट बघत होतो. न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाच्या होतकरू पिचरांच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांच्या, याद्यांमध्ये त्याचं नाव बरंच वर असायचं. 14 मेला तो यांकीज संघाविरुद्ध पहिल्यांदा मैदानात उतरला आणि मेट्स हरले. दुसऱ्या दिवशी त्याच यांकीजसमोर मेट्सनी आणखी एक नवखा उभा केला. त्याला खरं तर बुलपेनमध्ये, म्हणजे मधूनच येऊन सामन्याच्या नऊ इनिंग्जपैकी एखाद-दुसरी टाकणाऱ्यांच्या गोटात, बसवायला बोलावलं होतं. नेहमीचा पिचर डिलन गी जखमी झाला म्हणून सुरुवात करायची पाळी याच्यावर आली. कॉलेजात शॉर्टस्टॉप, म्हणजे क्षेत्ररक्षक, 2010 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) नवव्या फेरीत 272वा, कोपराचं ऑपरेशन झालेलं, वय पंचवीस. मी सामना लावला आणि अर्धा वेळ भांडी घासत होतो.

तो जेकब डिग्रॉम. सात इनिंग्जमध्ये त्यानं एकच धाव दिली आणि मेट्स 1-0 नं हरले. त्या मोसमात मेट्सच्या पिचरांना बॅटिंग करताना 64 प्रयत्नांत एकही हिट (चेंडू मारून बेस गाठणं) मिळाली नव्हती, ती पहिली हिटसुद्धा यानंच मारली! त्या वर्षीचा नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित तोच ठरला, पुढे 2018 आणि 2019 चे साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचे, पुरस्कारही त्याचेच.

आपल्यापैकी बरेच जण क्रिकेट डोक्यात घेऊनच बेसबॉलकडे वळलो, त्यामुळे पोरगा पाहिल्या पाहिल्या निकाल देण्याची सवय आधीपासूनच आहे. पुढच्या सगळ्या चुका मी केलेल्या आहेत, काही तर दोनदोनदा.

स्पीड गनवर भाळणं

पडद्यावर 100 हा आकडा दिसला की आपण खुर्चीच्या टोकाला येतो. ताशी 100 मैल म्हणजे 161 किलोमीटर, म्हणजे शोएब अख्तरचा तो प्रसिद्ध चेंडू. पण क्रिकेटमध्ये जी गोष्ट क्वचितच घडली आणि तिचा इतिहास झाला, बेसबॉलमध्ये आज ती रोज कुणीतरी करतं. मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीवरचा, सरासरी फास्टबॉलच साधारण 94 मैलांचा आहे. नुसता वेगवान सरळ चेंडू तिथले फलंदाज तिसऱ्यांदा पाहिला की मारतात.

हे "तिसऱ्यांदा" महत्त्वाचं. नऊ फलंदाजांची फळी पुन्हापुन्हा फिरत राहते. पहिल्या फेरीत जो पिचर अजिंक्य वाटतो, त्याच्याकडे दोनच प्रकारचे चेंडू असतील तर तिसऱ्या फेरीत त्याचं गुपित उरत नाही. म्हणून मी आता गनकडे बघत नाही, तिसरा चेंडू शोधतो. फास्टबॉल आणि स्लायडर (आडवा सरकणारा चेंडू) बहुतेकांकडे असतात. उजव्या हाताचा पिचर डावखुऱ्या फलंदाजाला चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखा दिसणारा पण हळू येणारा चेंडू, टाकायला धजतो का, आणि पिछाडीवर असताना, म्हणजे दोन बॉल (मारण्याच्या टप्प्याबाहेरचे चेंडू) पडून गेल्यावर, टाकतो का? धजत असेल तर तो स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, होऊ शकतो.

वेग शोधणं सोपं असतं, याचा पुरावा भारतातच आहे. 2008 मध्ये भारतभर पिचर शोधायची एक स्पर्धा झाली. जोरात आणि नेमक्या जागी चेंडू टाकणारे उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, आधी भाला फेकणारी मुलं, निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांना खरोखर करारबद्ध केलं. बेसबॉल कधी न खेळलेल्या मुलांसाठी ही मोठीच मजल. तरीही दिनेश 2010 मध्ये परतला, रिंकू सिंगल-एच्या, म्हणजे मेजर लीगखालच्या मायनर लीगमधल्या तळाकडच्या पायरीच्या, वर गेला नाही आणि नंतर व्यावसायिक कुस्तीत शिरला. हातात जोर होता, पण समोरच्या पोरांनी दहा-दहा वर्षं चेंजअप घोटलेला होता.

मैदान न बघता ईआरए वाचणं

ईआरए म्हणजे पिचरनं नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावांची सरासरी, त्यातून क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळतात. मेजर लीगमध्ये तीनच्या आत असेल तर उत्तम, पाचच्या वर गेला की चिंता. हा आकडा मायनर लीगमधून उचलून तसाच वापरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

मेट्सचंच उदाहरण घ्या. 2013 ते 2018 त्यांचा ट्रिपल-ए संघ, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खालचा, लास व्हेगासला होता. वाळवंट, उंचावरची कोरडी हवा, चेंडू हवेत गेला की परत यायचं नाव नाही. स्पिन कमी पकडतो, कर्व्ह पुरेसा वळत नाही. एखाद्या पाटा खेळपट्टीवर रणजी खेळणाऱ्या गोलंदाजाची सरासरी बघून तुम्ही त्याला मोडीत काढाल का? नोआ सिंडरगार्डच्या बाबतीत आम्ही तेच केलं. 2014 मध्ये लास व्हेगासला त्याचा ईआरए 4.60 होता आणि "हवा गेली याच्यातली" असं आमच्या शनिवारच्या चहावर एकमत झालं. त्याच मोसमात त्यानं 133 इनिंग्जमध्ये 145 जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक टाकून बाद) केलं होतं, तिकडे कुणी पाहिलंच नाही. पुढच्या वर्षी तो न्यूयॉर्कला आला, 3.24 च्या ईआरएनं 150 इनिंग्ज टाकल्या आणि मेट्स वर्ल्ड सीरिजला, म्हणजे अंतिम लढतीला, पोचले.

तेव्हा खालच्या पायरीवरचे आकडे वाचताना आधी दोन खाने बघा: स्ट्राइकआउट आणि वॉक (चार बॉल टाकून फलंदाजाला फुकट पहिला बेस देणं). या दोन्हींत क्षेत्ररक्षकाचा हात नाही, वाऱ्याचाही फारसा नाही. चुकत असेल तर पिचरच चुकतो.

आणि वय. एकोणीस वर्षांचा मुलगा डबल-एमध्ये मध्यम कामगिरी करत असेल तर ती बातमी आहे, पंचवीस वर्षांचा सिंगल-एमध्ये पोरांना नाचवत असेल तर नाही. अपवाद उशिरा पिचर झालेल्यांचा. डिग्रॉम कॉलेजात बराच काळ शॉर्टस्टॉप होता, त्याचं शरीर पंचवीसचं असलं तरी पिचर म्हणून तो लहानच होता. मेट्सचाच नोलन मॅकलीन ओक्लाहोमा स्टेटला बॅटही चालवायचा. अशांना वयाची पट्टी लावताना दोन-तीन वर्षं सूट द्या.

शितावरून भाताची परीक्षा

स्वयंपाकघरात ही म्हण चालते, कारण भांड्यातला सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. पिचरच्या कारकिर्दीत तसं नसतं. 2025 च्या ऑगस्टमध्ये मेट्सनी दोन आठवड्यांच्या अंतरानं मॅकलीन आणि जोना टाँग यांना वर आणलं. मॅकलीननं आठ सामन्यांत 2.06 चा ईआरए ठेवला. टाँग त्या वर्षी मायनर लीगमध्ये 1.43 च्या ईआरएनं आणि 179 स्ट्राइकआउटनी गाजला होता, पण मेजर लीगच्या पाच सामन्यांत त्याचा ईआरए 7.71 झाला. टेक्ससविरुद्धच्या एका संध्याकाळी तर दोनच फलंदाज बाद करून तो परतला.

मोसम संपला तेव्हा एक "सापडला" होता आणि दुसरा "फुगवलेला" होता. टाँगच्या सगळ्या मिळून इनिंग्ज किती? अठरा आणि दोन तृतीयांश. एवढ्यावरून काय ठरणार? ग्रेग मॅडक्स या पिचरनं तर 1987 च्या अख्ख्या मोसमात 6 सामने जिंकले आणि 14 हरले, ईआरए 5.61. पुढल्या वर्षी 18 जिंकले, आणि कारकीर्द संपताना 355.

यादीतला क्रमांक म्हणजे संघातलं स्थान समजणं

"तो आमचा तिसऱ्या नंबरचा प्रॉस्पेक्ट (होतकरू खेळाडू) आहे" असं आपण म्हणतो. तो क्रमांक पत्रकारांनी दिलेला असतो. संघाच्या मनात काय आहे ते कागदोपत्री दिसतं, आणि हे कागद कुणालाही बघता येतात.

प्रत्येक संघाची चाळीस जणांची यादी असते, त्यातले सव्वीस मेजर लीगमध्ये खेळतात. अठरा किंवा त्याहून कमी वयात करार झालेल्या मुलाला संघानं पाच मोसमांत, आणि मोठ्या वयात झालेल्याला चार मोसमांत या चाळिसात घेतलं नाही, तर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा कोणताही संघ त्याला एक लाख डॉलरला उचलू शकतो. अट एकच, पुढचं पूर्ण वर्ष त्याला मेजर लीगमध्येच ठेवायचं. म्हणून नोव्हेंबरमध्ये कुणाला चाळिसात घेतलं याची यादी मी दिवाळी अंकासारखी वाचतो. ह्यूस्टननं 1999 मध्ये योहान सांताना या पिचरला असाच उघड्यावर ठेवला. तो मिनेसोटाला पोचला आणि 2004 व 2006 चे साय यंग घेऊन बसला.

शिवाय बघा: त्याला कुणासमोर टाकायला लावतात, इनिंग्ज मोजून देतात का, पायऱ्या किती भराभर चढवतात. आणि त्याला वर आणत नसतील तर लगेच "आवडत नाही" म्हणू नका. मेजर लीगच्या यादीत 172 दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष, आणि अशी सहा वर्षं भरली की खेळाडू कुठल्याही संघात जायला मोकळा होतो. संघ हे दिवस बरोबर मोजतात. पॉल स्कीन्स 2023 च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडलेला, तरी पिट्सबर्गनं त्याला 11 मे 2024 ला आणलं. खेळाडूंच्या संघटनेबरोबरच्या 2022 च्या करारानुसार नवोदितांच्या मतदानात पहिले दोन येणाऱ्यांना सेवेचं पूर्ण वर्ष मिळतं. स्कीन्स पहिलाच आला, म्हणून त्याचं वर्ष धरलं गेलं.

"खाली पाठवला" म्हणजे संपला

यावरून आमच्या घरात वाद झालेले आहेत. चाळिसातल्या खेळाडूकडे तीन ऑप्शन वर्षं असतात. त्या काळात संघ त्याला विनासायास मायनर लीगमध्ये पाठवू शकतो, एका मोसमात पाच वेळांपर्यंत. ऑप्शन संपलेल्याला पाठवायचं तर आधी बाकीच्या संघांपुढे वेव्हरवर ठेवावं लागतं, आणि तिथे कुणीही उचलू शकतो.

आता सांगा, बुलपेन दमलाय आणि ताजा हात हवाय, तर कोण जाणार? ज्याला पाठवणं फुकट आहे तो. पुष्कळदा चांगलं टाकलेला पोरगाच खाली जातो, कारण वाईट टाकणाऱ्या तिशीतल्या माणसाचे ऑप्शन संपलेले असतात. तेव्हा नाराज होण्याआधी तीन गोष्टी तपासा. त्याचे ऑप्शन किती उरलेत? त्याच्या जागी कोण आला? आणि तिथे तो ठरल्या दिवशी स्टार्टर म्हणून टाकतोय, की त्याला मधल्या इनिंग्जमध्ये ढकललंय? तिसरं उत्तर वाईट असेल तरच काळजी.

क्वचित खाली जाणं खरोखरच नामुष्कीचं असतं, आणि तरी शेवट नसतो. टोरांटोच्या रॉय हॅलडेचा 2000 साली 67 इनिंग्जपेक्षा थोड्या जास्तमध्ये ईआरए होता 10.64. पन्नासच्या वर इनिंग्ज टाकणाऱ्याचा इतका वाईट ईआरए इतिहासात नव्हता. 2001 मध्ये त्याला थेट सिंगल-एच्या डनीडिनला पाठवलं. मग मेल क्वीन या प्रशिक्षकानं त्याचा हात वरून सरळ येत होता तो थोडा बाजूला आणला, आणि सरळ जाणारा चेंडू खाली बुडायला लागला. त्याच उन्हाळ्यात तो परत आला. पुढे दोन साय यंग, आणि 2019 मध्ये हॉल ऑफ फेम.

संघांनाही दम निघत नाही. 1971 मध्ये मेट्सच्या चोवीस वर्षांच्या एका पिचरनं 152 इनिंग्जमध्ये 116 वॉक दिले. कंटाळून त्यांनी त्याला कॅलिफोर्निया एंजल्सला देऊन जिम फ्रेगोसीला घेतलं. पुढच्या मोसमात त्या पोरानं 329 स्ट्राइकआउट केले. नोलन रायन.

कोपर विसरणं

थोडक्यात सांगतो, कारण याला उपाय नाही. हार्वी, डिग्रॉम, व्हीलर, सिंडरगार्ड, मॅट्झ या मेट्सच्या गाजलेल्या पाच तरुणांपैकी किती जणांचं कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन झालं? पाचही जणांचं. बरं व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. म्हणून पाच पोरं पाहून पाच जागा भरल्या असं धरू नका, आणि एकाचं ऑपरेशन झालं म्हणून त्याचं नावही खोडू नका. मॅट्झ आणि डिग्रॉम मेजर लीगमध्ये पोचण्याआधीच त्यातून गेले होते.

बुलपेन म्हणजे शिक्षा समजणं

नव्वदीच्या दशकात मेट्सकडे तिघांची अशीच हवा होती: इसरिंगहाउसन, पल्सिफर आणि 1994 च्या ड्राफ्टमधला पहिला, पॉल विल्सन. तिघांच्याही हातांनी दगा दिला. विल्सन मेट्सकडून मेजर लीगमध्ये एकच मोसम टाकू शकला, 1996 चा, ईआरए 5.38. इसरिंगहाउसन शेवटची इनिंग टाकणारा झाला आणि बरोबर 300 सेव्ह (शेवटी येऊन राखलेले विजय) करून थांबला.

आणि मोंटेरो? मेट्सकडे त्याचं काही जमलं नाही, त्यालाही कोपराचं ऑपरेशन करावं लागलं, मी केव्हाच त्याच्यावर फुली मारली होती. 2 नोव्हेंबर 2022 ला वर्ल्ड सीरिजच्या चौथ्या सामन्यात ह्यूस्टनच्या चार पिचरांनी मिळून फिलाडेल्फियाला एकही हिट दिली नाही. आठवी इनिंग मोंटेरोची होती. त्या रात्री भांडी सिंकमध्ये तशीच राहिली.