डोळ्याला काही झालं की या चुका टाळा

डोळा लाल झाला की सोलापुरात पहिली फेरी मेडिकलवर होते, दवाखान्याची पाळी नंतर. ‘लाल डोळ्यासाठी काहीतरी द्या’ म्हटलं की बाटली हातात पडते आणि दोन दिवसांत डोळा साफ. खरा घोळ इथूनच सुरू होतो. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. लाली झटक्यात उतरते, म्हणून ती बाटली घरात जपून ठेवली जाते, शेजारणीलाही दिली जाते. असे थेंब मनानं आठवडेच्या आठवडे घातले की काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि काचबिंदू होतो. मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. मोतीबिंदू ऑपरेशननं काढता येतो, काचबिंदूनं गेलेली नजर मात्र परत येत नाही. हा दाब हळूहळू वाढताना बहुधा दुखतही नाही, त्यामुळे पत्ताच लागत नाही.

ज्वारीच्या काढणीत किंवा उसाच्या फडात पात डोळ्याला लागली, तर धोका आणखी मोठा. त्या जखमेतून बुबुळाला बुरशी लागू शकते, आणि वरून स्टेरॉइड पडलं की बुरशीला रानच मोकळं. घरचे उपायही तसलेच: एरंडेल, मध, आईचं दूध. यातलं काहीही घालू नका. बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, उजेड सहन होईना, डोळा दुखायला लागला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडं जा. उशीर झाला की डोळ्यात फूल पडतं.

चुन्याचं सांगायलाच हवं. घरात तंबाखू खाणारं कुणी असलं की चुन्याची पुडी नाहीतर ट्यूब कुठंतरी पडलेली असते. पोरं ती दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात. मग घरचे रिक्षा शोधत बसतात. आधी नळ सोडा. पापण्या फाकवून किमान अर्धा तास पाण्याची धार चालू ठेवा, पापणीच्या आत अडकलेले पांढरे कण ओल्या स्वच्छ कापडानं काढा, आणि मगच सिव्हिल किंवा जवळचं डोळ्यांचं हॉस्पिटल गाठा. चुना डोळ्यात खोलवर शिरत जातो, म्हणून पहिली काही मिनिटं औषधापेक्षा मोलाची. तूप, लिंबू काही नको.

डोळे आलेल्या माणसाकडं बघून डोळे येत नाहीत. २०२३ च्या पावसाळ्यात साथ आली तेव्हा निम्मं गाव काळा चष्मा लावून फिरत होतं, पण टॉवेल मात्र घरात सगळ्यांचा एकच! साथ हातानं आणि कापडानं पसरते. टॉवेलांच्या गावात प्रत्येकाला वेगळा टॉवेल ठेवणं काही अवघड नाही.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की रस्त्यावर गॉगल विकायला येतात. काच नुसती काळी असून भागत नाही, त्यावर ‘यूव्ही ४००’ (म्हणजे उन्हातली अतिनील किरणं अडवणारी काच) आहे का बघा. ऊन आणि धूळ वर्षानुवर्षं सोसलेल्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं मांस वाढतं. कारखान्यात कापसाची तूस डोळ्यात गेली तर चोळू नका, पाण्यानं धुवा.

‘मोतीबिंदू पिकू दे, मग बघू’ हा सल्ला जुन्या काळातला. जास्त पिकलेला मोतीबिंदू कडक होतो आणि ऑपरेशन अवघड जातं. रोजची कामं अडायला लागली की करून घ्यावं.

शुगर असलेल्यांची चूक वेगळी: चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, असं ते धरून चालतात. त्यात डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) तपासला जात नाही. दिसायला नीट असलं तरी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा बघून घ्या. त्या थेंबांनी चार-पाच तास धूसर दिसतं, उन्हानं डोळे दिपतात, तेव्हा गाडी चालवायला कुणीतरी सोबत न्या.