गुडघा कुरकुरत असताना पळायला सुरुवात कशी करावी

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पळायला लागलो तेव्हा जिना उतरताना उजवा गुडघा दुखायचा आणि सकाळी पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ यायची. पहिला आठवडा जोशात रोज पळलो. दुसरा पोटरी शेकत घरात काढला. चूक नंतर कळली. दम तीन-चार आठवड्यांत वाढतो, पण स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना तयार व्हायला महिने लागतात. आपण दमाच्या भरवशावर वेग वाढवतो आणि मार खातात कंडरा.

आधी डॉक्टर. बीपी, शुगर असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर तपासून घ्या. चढ चढताना छाती भरून येत असेल तर पळणं राहू द्या, आधी ते बघा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी पळण्याची वेळही डॉक्टरांना सांगावी, साखर एकदम उतरू शकते.

बूट घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. महागाचा बूट म्हणजे चांगला बूट असं नाही; दुकानातच चार पावलं पळून बघा.

आता पळणं. पहिले दोन-तीन आठवडे नुसतं भरभर चाला, सलग 30 मिनिटं जमेपर्यंत. मग 5 मिनिटं चालून अंग गरम करा आणि 1 मिनिट पळणं, 2 मिनिटं चालणं असं सात-आठ वेळा. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये सुट्टी. अमेरिकेतल्या जोश क्लार्क यांनी 1996 मध्ये आखलेला 'काउच टू 5के' हा सोफ्यावरून उठवून 5 किलोमीटर पळण्यापर्यंत नेणारा 9 आठवड्यांचा कार्यक्रम असाच चढत जातो. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. मला 9 चे 17 लागले.

वेग किती? पळताना सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, इतकाच. मैदानावर एक आजोबा चालत माझ्या पुढे गेले, वर वळून "पाय दुखतोय का?" असंही विचारलं. हो म्हणालो आणि तसाच पळत राहिलो. पावलं लांब टाकू नका. छोटी, भराभर पावलं टाकली की गुडघ्यावरचा भार कमी होतो.

दुखणं मात्र ओळखायला शिकावं लागतं. 10 पैकी किती दुखतंय ते स्वतःला विचारा. 3 पर्यंत असेल, पळताना वाढत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त नसेल, तर चालू ठेवा. लंगडावं लागलं, सांधा सुजला, किंवा नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा सापडली, तर थांबा आणि दाखवून या. हाडाला बारीक चीर असू शकते. वेदनाशामक गोळी घेऊन तर पळूच नका. शरीर सांगतंय तेच ऐकू येणार नाही. आणि पळून गुडघे झिजतात ही भीती सोडा. हौशी पळणाऱ्यांत गुडघ्याची झीज बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त आढळत नाही.

सुट्टीच्या दिवशी खुर्चीतून हात न टेकता 10 वेळा उठा-बसा, असे तीन फेरे. गुडघ्याच्या वाटीमागच्या दुखण्यात मांडी आणि नितंबाचे स्नायू कमजोर असणं नेहमीचं आहे. टाच आणि पोटरीसाठी पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहा, कठड्याला धरून टाचा वर उचला आणि तीन मोजत सावकाश खाली सोडा. 15 वेळा, तीनदा. कंटाळवाणं आहे, पण माझी टाच यानेच सुटली, तीन महिन्यांनी.

सिमेंटच्या रस्त्यापेक्षा मातीचं मैदान मला बरं वाटतं. पावसाळ्यात तिथे शेवाळ धरतं, त्या दिवसांत मी जिन्यातच पायरीचा व्यायाम उरकतो.