चामडे आतपर्यंत कमावले गेले आहे की नाही, हे कसे ओळखावे?

कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात कमावले जाते. ही पद्धत मुळातच सावकाश आहे, कारण अर्क कातड्याच्या दोन्ही पृष्ठांवरून हळूहळू आत झिरपतो आणि मधला थर सर्वांत शेवटी कमावला जातो. त्यामुळे वरून छान तांबूस दिसणारे चामडेही आतून कच्चे असू शकते.

म्हणून अर्कातून बाहेर काढण्यापूर्वी, जिथे कातडे सर्वांत जाड असते अशा पुठ्ठ्याच्या (जनावराच्या मागच्या भागाच्या) किंवा मानेच्या कडेला धारदार रापीने (चामडे कापायच्या हत्याराने) एक तिरका छेद द्यावा आणि तो उजेडात पाहावा. रंग आरपार सारखा हवा. मध्ये फिकट, पांढुरकी रेघ दिसली, तर कातडे निःसंकोच पुन्हा ताज्या अर्कात घालावे. शंका उरलीच, तर त्याच जागेची पातळ चकती व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून ठेवावी: कच्चा भाग फुगून काचेसारखा अर्धपारदर्शक होतो, कमावलेला भाग मात्र तसाच राहतो. पोटाकडचा भाग पातळ असल्याने लवकर तयार होतो, त्यावरून संपूर्ण कातड्याचा अंदाज बांधू नये.

या सर्व कामात लोखंडी बादली, खिळा किंवा गंजलेली तार ओल्या चामड्याला लागू देऊ नये. अर्कातील टॅनिन (चामडे कमावणारे द्रव्य) आणि लोह यांचा संयोग होऊन निळे-काळे डाग पडतात, ते साध्या धुण्याने जात नाहीत, आणि अनेक दिवसांच्या कष्टाचे कातडे त्यामुळे हलक्या भावात द्यावे लागते.