गावी जाताना वाटेतल्या नातेवाइकांकडे थांबायचं असेल तर

ठाण्याहून गाडीने कोकणात निघालात की पळस्पे फाट्यानंतर पेण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण अशी गावं ओळीने लागतात. यातल्या एखाद्या गावात आजीच्या माहेरचं किंवा आत्याच्या सासरचं कुणीतरी असतंच. निघण्याआधी घरातल्या जाणत्या माणसाला, बहुतेकदा एखाद्या मावशीला नाहीतर काकूला, गाठून कोण कुणाचं कोण ते कागदावर उतरवून घ्या. अलीकडे कुणाकडे कुणी वारलंय का, हेही तेव्हाच विचारा. ते ठाऊक नसताना हसत दारात उभं राहणं फार वाईट.

दोन-तीन दिवस आधी फोन स्वतः करा, आईला करायला लावू नका. "मी अमक्यांचा नातू" अशी ओळख द्या आणि स्पष्ट सांगा, "काकू, अकराच्या सुमारास येतोय, फक्त चहा घेणार." नाहीतर ती माउली जेवण रांधून वाट बघत बसते. दिवसाला दोनच घरं ठेवा. घाईत उठलेला पाहुणा कुणालाच आवडत नाही.

मिठाई न्याच, पण त्याहून मोलाचे जुने फोटो. लग्नातला ग्रुप फोटो पुढे ठेवला की अवघडलेपण जातं. "ही बघ, ही तुझी पणजी," म्हणत बोट फोटोवर फिरायला लागतं. सांगतील ती नावं तिथेच फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. शाई पुढच्या बाजूला उमटू शकते.

घरी पोहोचल्यावर त्याच रात्री फोन करा आणि काढलेले फोटो त्यांच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.