हॉट योग: २६ आसनांचा क्रम आणि त्यात होणाऱ्या चुका

हॉट योगाचा, म्हणजे तापवलेल्या खोलीत करायच्या योगाचा, सर्वांत रूढ साचा कोलकात्याच्या विष्णुचरण घोष यांच्या परंपरेतला. त्यांचे शिष्य बिक्रम चौधरी यांनी तो १९७०च्या दशकात अमेरिकेत नेला. २६ आसनं, दोन श्वसनप्रकार, ९० मिनिटं, सुमारे ४० अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता. नागपूरकराला ४० अंशांचं काय अप्रूप! पण मे महिन्यातल्या नागपुरात हवा कोरडी असते, घाम लगेच उडून जातो. योगाच्या खोलीत तो अंगावरच राहतो आणि शरीर थंड व्हायला वेळ लागतो. बहुतेक घोटाळ्यांचं मूळ इथेच आहे.

पहिली चूक म्हणजे उशिरा पोहोचून थेट मधल्या आसनात घुसणं. सुरुवातीचा प्राणायाम, अर्धचंद्रासन, पादहस्तासन आणि उत्कटासन यांत पाठीचा कणा, मांड्या आणि घोटे तयार होतात. ते चुकवून एका पायावर उभं राहिलात तर तोल जाणारच. खोली गरम असली म्हणजे अंग तयार झालं, असं होत नाही.

एका पायावर उभं राहून करायच्या दंडायमान जानुशिरासनात तर सगळ्यांनाच कपाळ गुडघ्याला टेकवायची घाई. आधी उभ्या पायाची मांडी आवळून गुडघ्याची वाटी वर खेचा. गुडघा नुसता मागे ढकलून ‘लॉक’ केला की सगळा भार सांध्यावर येतो. मग बोटं गुंफून दुसऱ्या पायाचा तळवा धरा, तो पाय समोर सरळ करा, कोपरं खाली वाकवा आणि सगळ्यात शेवटी डोकं. उभा गुडघा वाकला की एक पायरी मागे या. कित्येकजण महिनोन्‌महिने पाऊल धरण्यापर्यंतच जातात, त्यात काही कमीपणा नाही. घामाने हात सटकत असेल तर तळव्याखाली छोटा नॅपकिन धरा.

उभी आसनं संपली की दोन मिनिटं शवासन असतं. नेमकं तेव्हाच लोक पाणी प्यायला, केस बांधायला, घाम टिपायला उठतात! हे शवासन टाळलंत तर नाडी खाली यायच्या आत पवनमुक्तासन, भुजंगासन सुरू होतं आणि शलभासनापर्यंत दम संपतो.

गुडघ्यांवर उभं राहून मागे वाकायच्या उष्ट्रासनात गरगरतं, मळमळतं, कधी उगाच रडूही येतं. ही बाविसाव्या आसनाची जुनी ख्याती आहे. गरगरलं तर झटकन मान वर करून उठू नका. हात एकेक करून कमरेवर आणा, डोकं सर्वांत शेवटी उचला, मग आडवं व्हा. यानंतरचं शशांकासन पाठीला उलट दिशेने गोल करतं, म्हणून बरं वाटल्यावर ते सोडू नका. मानेचं दुखणं असेल तर मात्र दोन्ही आसनांआधी शिक्षकांना सांगा.

उष्णतेत स्नायू सैल वाटतात आणि रोजच्यापेक्षा चार बोटं पुढे जाता येतं. त्रिकोणासनात किंवा पश्चिमोत्तानासनात तो मोह आवरा. मांडीमागचा स्नायू ताणला गेल्याचं दुसऱ्या दिवशी कळतं.

वर्गानंतर डोकं दुखत असेल तर पाणी आदल्या दिवसापासून कमी पडलेलं असू शकतं. वर्गात घटाघटा प्यायल्याने पोट डुचमळतं, घोट-घोट प्या. जेवण दोन-तीन तास आधी उरका. गर्भवतींनी, हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. हुडहुडी भरली, उलटी झाली, घाम थांबला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर क्रम बाजूला ठेवून आधी थंड जागी जा. बोलणं भरकटलेल्या माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्या.