लंबक, उकडे तांदूळ आणि शिसं: समतुल्यता तत्त्व घरच्या घरी कसं तपासायचं

एखादी वस्तू हाताला जड लागते ती पृथ्वी तिला ओढते म्हणून. तीच वस्तू जमिनीवरून ढकलताना नेट लावावा लागतो, त्यात तिच्या जडत्वाचा वाटा असतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग ओढीतून मोजलेलं गुरुत्वीय वस्तुमान आणि जडत्वातून मोजलेलं जडत्वीय वस्तुमान प्रत्येक पदार्थात सारखंच का भरतं? ते सारखंच भरतं, हेच समतुल्यता तत्त्व. १९०७ साली आईन्स्टाईनने हाच धागा पकडला आणि १९१५ मध्ये तो व्यापक सापेक्षता या गुरुत्वाच्या सिद्धान्तापर्यंत पोचला. मूलभूत भौतिकीचा नाद असलेल्याने सुरुवात इथूनच करावी, असं आमचं ठाम मत आहे. ‘का’चं उत्तर घरी मिळणार नाही. पण ‘खरंच सारखं भरतं का, आणि किती बारकाईपर्यंत’ याचं उत्तर दोन बरण्या आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच देतं. स्वतःचा सिद्धान्त मांडण्याआधी असा एक आकडा गाठीला हवाच.

लंबकाला गुरुत्व ओढतं आणि जडत्व अडवतं, म्हणून या दोन वस्तुमानांचं गुणोत्तर पदार्थानुसार बदललं तर झोक्याला लागणारा वेळही बदलेल. पद्धत न्यूटनची आहे. त्याने दोन सारख्या गोल लाकडी डब्या ११ फुटांच्या दोऱ्यांना टांगल्या, त्यांत सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू आळीपाळीने भरून पाहिले, आणि हजारात एक भागाइतकाही फरक नाही असं १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात नोंदवलं. आपल्यालाही तेवढंच गाठायचं आहे.

सामान थोडं आहे. झाकणाच्या दोन अगदी सारख्या गोल प्लास्टिकच्या बरण्या, प्रत्येकी साधारण २५० मिली. उकडे तांदूळ. जाळ्याला लावायची शिशाची वजनं. कापूस, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, स्टीलची मोजपट्टी, दोन सी-क्लॅम्प आणि लोखंडी पट्टीचे चार तुकडे. दोरीसाठी तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, घेऊ नका. नायलॉन वजनाने ताणतो, शिवाय आपल्याकडच्या पावसाळी हवेत ओल धरून आणखी लांबतो. सुती दोराही दमट हवेत लांबी बदलतो. गरी-जाळ्यांच्या दुकानात मिळणारी ब्रेडेड लाईन (विणलेली दोरी) घ्या, ती फारच कमी ताणते. तीसुद्धा बरणी अडकवून रात्रभर लटकत ठेवा, म्हणजे गाठी घट्ट बसतील.

टांगायची जागा सगळ्यात महत्त्वाची. चवथीला गणपतीच्या वर माटोळी (फळाफुलांची चौकट) बांधायला छताला हूक असतात, त्यांचा मोह होईल, पण दोरी थेट हुकात अडकवू नका. झोका जाताना दोरी हुकाच्या गोलाईवर किंचित गुंडाळली जाते आणि येताना उलगडते, त्यामुळे लांबी प्रत्येक झोक्यात बदलत राहते. दोरी दोन सपाट लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये धरा आणि पट्ट्या सी-क्लॅम्पने तुळईला आवळा. दोरी पट्टीच्या खालच्या कडेपाशी एकाच बिंदूत वाकायला हवी. जुन्या कौलारू घरातली जाड तुळई उत्तम, बारीक वासा नको. दोन्ही लंबक एकाच तुळईवर लावणार असाल तर आधी एकालाच झोका द्या आणि दुसरा पाहत राहा. दोन मिनिटांत तो आपोआप डोलू लागला तर आधार हलतो आहे. मग आधार बदलण्याला पर्याय नाही.

आता भरणं. एका बरणीत तांदूळ काठोकाठ भरा आणि वजन करा, बरणीसकट साधारण २२० ग्रॅम भरेल. दुसरीत तेवढ्याच एकूण वजनाचं शिसं घाला. ते मूठभरच होईल, म्हणून बरणीच्या बरोबर मध्यावर कापसात घट्ट बसवा. दोन्ही बरण्या सुरीच्या पाठीवर आडव्या तोलून पाहा. तोल साधणारा बिंदू दोन्हींत एकाच उंचीवर यायला हवा, नाहीतर लंबकाची खरी लांबी वेगळी ठरते. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि ती बरणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

वजन सारखंच का? बरण्या काठोकाठ भरून मोकळं होता येईल की, असं अनेकांना वाटतं. इथेच बहुतेक जण फसतात. २५० मिलीची बरणी जवळपास ०.३ ग्रॅम हवा बाजूला सारते, आणि तेवढ्या वजनाचा आधार हवा तिला देते. तांदळाच्या २२० ग्रॅमपुढे हा आधार हजारात सव्वा भाग होतो. पूर्ण शिशाने भरलेल्या बरणीपुढे तो नगण्य असतो. म्हणजे तांदळाचा लंबक खरोखरच हळू चालेल, आणि भोळा प्रयोगकर्ता नवं बल सापडलं असं जाहीर करून बसेल. आकार आणि वजन दोन्ही सारखं ठेवलं की हवेचा आधार, हवेचा अडथळा आणि दोरीचा ताण, तिन्ही परिणाम दोन्हीकडे सारखेच होतात.

आधी एकाच लंबकावर हात बसवा. पट्टीच्या कडेपासून तोलबिंदूपर्यंत २ मीटर ठेवा. बरणी १० सेंटीमीटर ओढा, त्याहून जास्त नको. २० सेंटीमीटर ओढल्यास १०० झोक्यांना सुमारे ०.२ सेकंद जादा लागतात, ५० सेंटीमीटरला सेकंदाहून अधिक. हाताने सोडली तर बरणी लंबगोल फिरू लागते. म्हणून ती दोऱ्याने मागच्या खुर्चीला बांधा, स्थिर होऊ द्या आणि दोरा काडीने जाळा. मोजणी झोक्याच्या टोकापाशी सुरू करू नका, तिथे बरणी रेंगाळते आणि नेमका क्षण कळत नाही. मागे भिंतीवर उभी रेघ मारा आणि बरणी ती रेघ डावीकडून ओलांडेल तेव्हा बटण दाबून ‘शून्य’ म्हणा. जाऊन परत येणं मिळून एक झोका धरा. ‘एक’ म्हणून सुरुवात केली की ९९ झोकेच मोजले जातात आणि गुरुत्व त्वरणात (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो त्या आकड्यात) २ टक्क्यांची चूक होते. १०० झोक्यांना २८४ सेकंद लागायला हवेत, म्हणजे ४ मिनिटं ४४ सेकंद. पाच वेळा मोजा. पाच आकड्यांत अर्ध्या सेकंदाहून जास्त अंतर असेल तर हात अजून बसलेला नाही.

गुरुत्व त्वरण काढायचं असेल तर तोलबिंदूची अनिश्चितता टाळायची एक सुंदर युक्ती आहे. बरणी आणि गाठ तशीच ठेवून क्लॅम्पपाशी दोरी नेमकी १०० सेंटीमीटर आखूड करा आणि पुन्हा मोजा. दोन्ही दोलनकालांच्या, म्हणजे एका झोक्याला लागणाऱ्या वेळांच्या, वर्गांची वजाबाकी करा. ३९.४८ ला त्या वजाबाकीने भागलं की मीटर आणि सेकंदांत उत्तर मिळतं. पणजीच्या अक्षांशावर, समुद्रसपाटीला, ते ९.७८ च्या आसपास यायला हवं. पाठ्यपुस्तकातलं ९.८१ आलं नाही म्हणून खोडरबर उचलू नका. विषुववृत्ताकडे ते कमी होतंच. १६७२ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे पॅरिसहून लंबकाचं घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेत कायेनला गेला, तेव्हा ते रोज अडीच मिनिटं मागे पडू लागलं होतं.

खरी कसोटी दोघांच्या शर्यतीत आहे. दोन्ही बरण्या ४० सेंटीमीटर अंतरावर टांगा, एका सरळ फळीने दोन्ही १० सेंटीमीटर मागे रेटा आणि फळी झटकन काढून घ्या. पहाटेची वेळ बरी. पंखा बंद, दारं-खिडक्या बंद. दुपारी खारं वारं सुटलं की कौलांच्या फटींतूनही झुळूक येते. गुरुत्वात हजारात एक फरक असेल तर १०० झोक्यांनंतर एक बरणी दुसरीच्या ०.१४ सेकंद मागे राहील. झोका मूळ रुंदीचाच राहिला तर रेघेपाशी हे अंतर ३ सेंटीमीटर दिसतं, आणि झोका मंदावेल तसं कमी दिसतं. म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. मोबाइल तिपाईवर ठेवून स्लो-मोशनमध्ये चित्रण करा आणि रेघ ओलांडण्याच्या फ्रेम मोजा.

पहिल्याच खेपेला फरक दिसेल, हे धरून चाला. दोन दोऱ्यांच्या लांबीतला २ मिलिमीटरचा फरकही नेमका हाच परिणाम दाखवतो. म्हणून दोऱ्या आणि बरण्या जागच्या जागी ठेवून फक्त आतला माल बदला. तांदूळ शिशाच्या बरणीत, शिसं तांदळाच्या बरणीत, आणि वजन व तोल पुन्हा तपासा. तीच जागा मागे पडत राहिली तर दोष लांबीचा, क्लॅम्प सैल करून अर्धा अर्धा मिलिमीटर जुळवत जा. मागे पडणं मालाबरोबर जागा बदलत असेल तर आधी तोलबिंदू पाहा, कापूस दबून शिसं खाली सरकलेलं असतं. तांदूळही झोक्यांनी बसतो आणि वर पोकळी राहते, म्हणून भरताना बरणी आपटून घ्या.

निकाल लिहिताना ‘फरक नाही’ असं लिहू नका. ‘तांदूळ आणि शिसं यांत हजारात अमुक भागापेक्षा मोठा फरक दिसला नाही’ असं लिहा, आणि तो ‘अमुक’ आकडा स्वतःच्या पाच मोजण्यांच्या पसाऱ्यातून काढा. लंबकाची मर्यादा दोन लांबी जुळवण्यात आहे. हंगेरीचा भौतिकशास्त्रज्ञ एटव्हश याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन्ही पदार्थ एकाच दांडीच्या टोकांना लावून दांडी बारीक तारेला टांगली, त्यामुळे तुलना थेट होऊ लागली आणि अचूकता कोटींच्या घरात गेली. अशाच तारेच्या पिळावर चालणाऱ्या तराजूचे प्रयोग टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्थेने) कर्नाटकात गौरीबिदनूरला जमिनीखाली केले. २०१६ मध्ये सोडलेल्या ‘मायक्रोस्कोप’ उपग्रहाने टायटॅनियम आणि प्लॅटिनमची तुलना केली. २०२२ मधल्या अंतिम निकालातही १० चा उणे १५ वा घात, या पातळीपर्यंत फरक आढळला नाही.

पदार्थानुसार गुरुत्व बदलतं असं सांगणारी तुमची स्वतःची कल्पना असेल, तर तिच्यातून तांदूळ आणि शिशाच्या दोलनकालात किती फरक पडायला हवा तो आकडा कागदावर काढा. तो हजारात एकाहून मोठा असेल तर तुमच्याच बरण्यांनी कल्पना खोडली आहे. लहान असेल तर उपग्रहाच्या आकड्याशी ताडून पाहा. विद्यापीठातल्या प्राध्यापकांना दाखवायला जाताना हेच एक पान न्या: वर प्रश्न, मध्ये मोजण्यांचा तक्ता, खाली त्रुटीचा हिशेब.